तुंबा परत देताना

एल्सिराने गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली, तरी गास्तोनने सीटचा पट्टा सोडला नाही. तो समोरच्या काचेकडे बघत बसून राहिला. काचेपलीकडे साउसाल वस्तीची पहिली घरं होती, पत्र्यांवर दगड ठेवलेली. दोन कुत्री नदीवरच्या वाऱ्याकडे पाठ करून एकमेकांना चिकटून उभी होती.

"उतर," ती म्हणाली.

"माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, एल्सिरा."

"मग बरंच आहे. बोलायचंच नाहीये. ती बोलेपर्यंत आपण गप्प. सांगेल तिथं बसायचं, देईल ते प्यायचं."

"हे तू मला पहिल्या वर्षीपण सांगितलं होतंस."

"मग लक्षात आहे म्हणायचं."

एरवी या बोलण्यावर तो हसला असता. आज त्याने दाढीचे खुंट खाजवले आणि पट्ट्याचं बटण दाबलं. त्याच्या स्वेटरची डावी बाही उसवली होती आणि दोरा मनगटापाशी लोंबत होता. गेले दोन आठवडे हा माणूस नीट जेवलेला नाही, हे एल्सिराला दिसत होतं. ती स्वतः जेवत होती, पण जेवलेलं अंगी लागत नव्हतं.

एल्सिरा बेंतांकोर नोकरीला विद्यापीठात होती, पण शिकवत नव्हती. तिचं काम प्राध्यापकांना माणसांत न्यायचं. आपल्या विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर पडावं, वस्तीतल्या लोकांच्या उपयोगी पडत शिकावं असं ज्यांना वाटायचं ते प्राध्यापक दर मार्चमध्ये तिच्या अरुंद कार्यालयात यायचे. काही भेदरलेले असत, काही जग बदलायला निघालेले. भेदरलेल्यांना ती धीर द्यायची. बाकीच्यांना जमिनीवर आणायची, आणि त्याला जास्त वेळ लागायचा. पहिल्या दिवशी वही काढू नका, म्हणायची. लोकांना काय हवंय ते आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा थाटात जाऊ नका. आणि मुख्य म्हणजे शेवट नीट करा. "दार अर्धवट लोटून आलात तर लोक वाट बघत बसतात. सत्र संपलं की एक छोटा समारंभ करा, आभार माना आणि निघा." तिचं हे वाक्य प्राध्यापक एकमेकांना ऐकवायचे. तिलाही ते आवडायचं. आता कुणी ते ऐकवलं की ती विषय बदलायची.

गास्तोन इरिआर्ते अभियांत्रिकीला उष्णता शिकवायचा. मागच्या वर्षी त्याच्या विद्यार्थ्यांनी साउसालमधल्या घरांत विटांच्या चुली बांधल्या होत्या. स्वयंपाकाच्या नव्हेत, घर उबदार ठेवणाऱ्या. वर धुराडं होतं, आणि खाली जमिनीलगत भिंतीत हवा आत यायला झरोका. नोव्हेंबरात सत्र संपलं. शाळेच्या हॉलमध्ये समारंभ झाला, माइकवर आभार मानले गेले, सगळ्यांना फिकट हिरवे सदरे वाटले गेले. सदऱ्यांची कल्पना एल्सिराचीच होती. उरलेल्या सदऱ्यांचं खोकं अजून तिच्या टेबलाखाली होतं.

मग हिवाळा आला, इकडे तो जूनमध्ये सुरू होतो, आणि जुलैतल्या एका सकाळी वॉशिंग्टन आपल्या खुर्चीतून उठलाच नाही. आईबापांनी हौसेनं एवढं मोठं नाव ठेवलेला हा माणूस जन्मभर नदीत मासे धरत आला होता. चूल पेटलेली होती, झरोका चिंध्यांनी बुजवलेला होता, आणि घरात तो वायू भरला होता ज्याला ना वास असतो ना रंग. अग्निशामक दलाची माणसं आली आणि चुली पेटवू नका असं सांगून गेली. विद्यापीठाच्या वकिलांनी चौकशी संपेपर्यंत साउसालमध्ये पाऊल टाकायला मनाई केली. आणि वॉशिंग्टनची बायको ओर्फिलिया, जिला सगळे आदरानं 'दोन्या' म्हणत, गल्लीत उभी राहून म्हणाली की त्या चुलीला जो काडी लावेल आणि विद्यापीठातल्या माणसाला जो दारात घेईल, त्याची तिच्याशी गाठ आहे. तिचा शब्द साउसालमध्ये कुणी मोडत नसे. वकील आणि ओर्फिलिया यांचं एकमत व्हावं असा दुर्मीळ योग होता तो.

थंडीचं मात्र कुणाशी एकमत नव्हतं. लोकांनी कोळशाच्या शेगड्या घरात घेतल्या, दारं लावली, फटींत कागद कोंबले. काल दवाखान्यातल्या नर्सबाईचा एल्सिराला फोन आला होता. साउसालमधल्या यानेलाची धाकटी मुलगी उलट्या करत, मान टाकलेल्या अवस्थेत आणली होती. वाचली. आज रात्री पारा शून्याखाली जाणार होता. नगरपालिकेनं नर्सबाईला सांगितलं, सोमवारी माणूस पाठवतो.

म्हणून मनाई मोडून ती दोघं आली होती. चुलींचे झरोके उघडून द्यायचे, त्या पुन्हा पेटवून द्यायच्या, शेगड्या अंगणात काढायच्या. आणि त्यासाठी एकाच बाईचा होकार हवा होता. ती बाई त्यांचं तोंड बघणार होती की नाही, देव जाणे.

ओर्फिलियाने दार उघडलं. 'या' म्हणाली नाही, 'जा'ही म्हणाली नाही. दोघांकडे बघितलं, पाठ फिरवली आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेली.

स्वयंपाकघर बाहेरच्याइतकंच गार होतं. कोपऱ्यात विटांची चूल विझलेली होती, तिच्या पायथ्याचा झरोका आता मोकळा होता. ओर्फिलियाने अंगावर नवऱ्याचा जाड पोंचो घेतला होता. तो तिला पायघोळ होत होता. गास्तोन जवळच्या खुर्चीकडे वळला.

"त्या खुर्चीत नको."

तो दचकून बाजूला झाला आणि लाकडांच्या खोक्यावर बसला.

ओर्फिलियाने वाळक्या भोपळ्याचा तुंबा घेतला, त्यात येर्बाची, म्हणजे चहासारखी कडू, पानं भरली, थर्मासातलं गरम पाणी ओतलं, ओढून प्यायची नळी खोचली. पहिला तुंबा रिवाजाप्रमाणे स्वतः प्यायली. पहिला कडूजहर असतो, तो पाहुण्याला देत नाहीत. मग पुन्हा पाणी भरून तिने तो एल्सिरापुढे धरला. एल्सिराने नळी ओठांत धरली, तेव्हा हाताला पहिल्यांदा जरा ऊब लागली. संपवून तिने तुंबा काही न बोलता परत दिला. तिसरा गास्तोनला मिळाला.

त्याने तो घाईघाईने ओढला. जीभ पोळली असावी. बिचाऱ्याला केवढं बोलायचं होतं! घरात घेतलंत, बसू दिलंत, हाकलून दिलं नाहीत. ते सगळं एकाच शब्दात बाहेर पडलं.

"ग्रासियास," तुंबा परत देताना तो म्हणाला. आभारी आहे.

एल्सिराने डोळे मिटले.

दूध पितं पोरसुद्धा इथं जाणतं की येर्बा पिताना आभार एकदाच मानतात, पुरे झाल्यावर. तोवर तुंबा द्यायचा, घ्यायचा, पुन्हा द्यायचा, आणि मध्ये हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारला की तुमचं झालं, तुम्ही उठलात. गास्तोनच्याही ते लगेच ध्यानात आलं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"नाही, म्हणजे मला तसं..."

"झालं तुझं," ओर्फिलिया म्हणाली. तुंबा भरला आणि त्याला वगळून पुन्हा एल्सिराला दिला.

बराच वेळ तुंबा दोघींतच फिरत राहिला. बाहेर पत्रा वाजत होता. एल्सिराला वाटत होतं, ओरडून सांगावं, बाई, रात्र पडत चाललीय, तिकडे पोरं शेगड्यांजवळ झोपतील. पण आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट आज आपणच मोडायची, ही हिंमत तिला होईना. ती पीत राहिली.

शेवटी गास्तोनलाच राहवलं नाही.

"दोन्या ओर्फिलिया, माझी चूक आहे. सगळी माझी. चौकशी काही म्हणू दे..."

"तू गप. तुझे आभार झालेत."

त्याने बाहीचा दोरा बोटाला गुंडाळला.

"नोव्हेंबरातच झाले," ती पुढे म्हणाली. आवाज चढवला नाही. "माइक लावून झाले. तू बोललास, ही बोलली, टाय लावलेला तो कोण होता तो बोलला. सगळ्यांनी आभार मानले. मी तेव्हाच वॉशिंग्टनला म्हटलं, झालं यांचं, उठले हे. आता येत नाहीत. तर तो मलाच वेड्यात काढतो! म्हणे, तसं नसतं गं, शिकलेल्या लोकांचे आभार वेगळे. थंडी पडली की येतीलच बघायला. एवढं बांधलंय, ते चालतंय कसं हे बघावंसं नाही का वाटणार?"

तिने तुंब्यात पाणी भरलं आणि तो हातातच धरून ठेवला.

"त्या भोकातून वारा यायचा. गुडघे त्याचे नदीनं खाल्लेले. रात्रभर पाय चोळत बसायचा. मी म्हणायची, बुजव ते मेलं. तर म्हणे, पोरांनी ठेवलंय म्हणजे काहीतरी कारण असेल. आली की विचारतो."

"आम्ही सांगितलं होतं," गास्तोन पुटपुटला. "पडद्यावर..."

"हो. बाण होते. निळे आणि लाल. फार छान होते."

गास्तोनने मान खाली घातली.

"मे गेला, जून गेला. मोटारीचा आवाज आला की दारात जायचा. तो भाजीवाला असायचा. मग मी बहिणीकडे निघाले, दोन दिवसांसाठी. निघताना चिडले त्याच्यावर. म्हटलं, कसली वाट बघतोस, येत नाहीत ते! बुजव ते भोक आणि झोप सुखानं." ती थांबली. "त्यानं माझं कधी ऐकलं नाही जन्मात. तेवढं ऐकलं."

सांत्वनाचे जेवढे शब्द एल्सिरा प्राध्यापकांना शिकवत आली होती त्यातला एकही या स्वयंपाकघरात उभा राहिला नसता. तिला रडू आलं ते तिने गिळलं, कारण इथं पहिलं रडायचा हक्क तिचा नव्हता. मग तिने तो प्रश्न विचारला जो विचारायला ती आली होती, आणि जो विचारायची तिला भीती वाटत होती.

"यानेलाच्या मुलीचं कळलं का तुम्हाला?"

"काय झालं तिला?"

"काल दवाखान्यात नेली होती. उलट्या, चक्कर. आता बरी आहे. घरात शेगडी होती, दार बंद होतं."

ओर्फिलिया तिच्याकडे बघतच राहिली.

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही दुःखात आहात म्हणून बोलले नसतील."

"शेगडी घरात?"

"सगळ्यांनीच घेतल्यात. चुली बंद आहेत ना."

चुली कुणाच्या शब्दाने बंद होत्या हे तिघांनाही ठाऊक होतं. ओर्फिलियाने हातातला तुंबा टेबलावर ठेवला. भरलेला, कुणालाच न दिलेला. तिने पोंचोच्या टोकाने नाक पुसलं.

"म्हणजे आधी त्याला म्हटलं बुजव," ती हळू म्हणाली, "आणि मग यांना म्हटलं पेटवू नका. माझ्या जिभेला काय झालंय?"

"चूल चुकली होती, तुम्ही नाही," गास्तोन खोक्यावरून उठत म्हणाला. "आणि शेगडी तर न चुकताही मारते. तिला धुराडंच नसतं. आज रात्री गारठा पडणार आहे, दोन्या ओर्फिलिया. मला घराघरात जाऊ द्या. नंतर मला नदीत टाका हवं तर."

"नदीला काय करायचाय तुझा सांगाडा."

ती उठली. तुंब्यातली धुऊन पांचट झालेली पानं तिने बाहेर झाडाच्या बुंध्याशी झटकली, आत येऊन ताजी येर्बा भरली, थर्मास किटलीतल्या पाण्याने काठोकाठ केला. पहिला तुंबा स्वतः प्यायली. दुसरा भरला आणि गास्तोनपुढे धरला.

त्याने एल्सिराकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी तुंबा घेतला, शेवटपर्यंत प्यायला आणि परत दिला. ओठ आवळून.

"माफ केलं असं समजू नकोस," ओर्फिलिया म्हणाली. थर्मास काखेत मारला आणि दारातून बाहेर पडली.

यानेलाच्या दारात तिचा दीर नेल्सन उभा होता. रुंद खांद्यांचा, तोंडाने तिखट.

"आले का साहेब? या, या. बैल गेला आणि झोपा केला."

"बाजूला हो," ओर्फिलिया म्हणाली.

नेल्सनने तिच्याकडे बघितलं, तिच्या काखेतल्या थर्मासकडे बघितलं आणि बाजूला झाला.

आत डोळे चुरचुरत होते. पलंगावर मुलगी गोधड्यांत गुरफटून बसली होती आणि जवळच जमिनीवर शेगडी फुललेली होती. गास्तोनने स्वेटरच्या बाह्या हातांवर ओढून शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. आत येऊन तो चुलीपुढे पोटावर आडवा झाला. झरोक्यात हात घालून त्याने बोळा ओढला. वर्तमानपत्र, एक मोजा, आणि त्यांच्यामागे गच्च कोंबलेला फिकट हिरवा सदरा. सदरा बाहेर आला तसा वारा खोलीत शिरला.

एल्सिराने तो उचलला, झटकला, घडी घातली. कुठं ठेवावा कळेना, म्हणून पर्समध्ये टाकला.

चूल पेटली तेव्हा गास्तोनने बाहीचा उसवलेला दोरा तोडला आणि झरोक्यासमोर धरला. दोरा चुलीकडे ओढला गेला, ताठ.

"बघ यानेला. चूल श्वास घेते. तो तिला इथून द्यायचा. नाही दिला तर ती खोलीतला घेईल. तुमच्या छातीतला."

यानेला दोऱ्याकडे बघत राहिली. विशी-बाविशीची पोर, डोळे सुजलेले.

"मग हे असं का नाही दाखवलंत तेव्हा? बाण काय दाखवत बसलात?"

त्याने दोरा खाली घेतला.

"आणि वारा सरळ पलंगावर येतो हा," ती म्हणाली. "पोरीचे पाय बर्फ होतात. मी पुन्हा बुजवणार. तुम्ही गेलात की बुजवणार, आत्ताच सांगून ठेवते."

गास्तोन झरोक्यापुढे उकिडवा बसला. झरोका, पलंग, चूल. पुन्हा झरोका. एल्सिराने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की ही साधी गोष्ट त्याला आत्ता, या क्षणी दिसतेय.

"आम्हाला कळलंच नाही," तो म्हणाला. "आम्ही बांधत होतो तेव्हा हवा गरम होती. वारा यायचा, पण बरा वाटायचा."

"नोव्हेंबरात होय?" नेल्सन दारातून म्हणाला. "नोव्हेंबरात आम्ही उघडे झोपतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. चार महिन्यांचं सत्र, उन्हाळ्याच्या तोंडाशी संपणारं. आणि थंडीसाठी बांधलेली चूल. एल्सिरा दरवर्षी ती वेळापत्रकं तपासायची, त्यावर सही करायची. तिच्या कधी मनातही आलं नव्हतं की यात एक अख्खा हिवाळा गहाळ आहे.

गास्तोनने अंगणातून दोन विटा आणल्या. झरोक्यापुढे त्या तिरक्या लावल्या, पुन्हा हलवल्या, दोरा धरून बघितला. वारा आता पलंगाकडे न जाता विटांना अडून चुलीच्या तोंडाकडे वळला.

"पाय बघ आता," तो मुलीला म्हणाला.

तिने गोधडीतून एक पाय बाहेर काढला, थोडा वेळ धरला, आणि परत आत घेतला नाही.

तोवर ओर्फिलिया पलंगाच्या कडेला बसून तुंबा भरत होती. यानेलाला दिला, नेल्सनला दिला, गास्तोनला, एल्सिराला. तुंबा फिरत राहिला. मग तिने थर्मासचं झाकण लावलं आणि ती पुढच्या घराकडे निघाली. तिथंही तसंच झालं. आधी तिने दारात उभं राहायचं, मग बाकीच्यांनी आत शिरायचं. भोकांतून काय काय निघालं! उशीचा कापूस, मुलाचं दप्तर, आणखी दोन हिरवे सदरे. नेल्सनने घरी जाऊन हातगाडी काढली आणि तिच्यावर विटा भरून मागे मागे आला. तोंड चालूच होतं त्याचं, पण विटा त्यानेच वाहिल्या.

अंधार पडायला आला तेव्हा साउसालच्या धुराड्यांवर धूर होता, आणि अंगणात शेगड्या एकट्याच विझत होत्या.

तिघं ओर्फिलियाच्या स्वयंपाकघरात परतली. गास्तोनने खोक्यातली लाकडं चाचपली.

"तुमची लावू?"

"माझी नको."

"रात्री फार..."

"नको म्हटलं ना, पोरा. अजून नाही."

त्याने लाकूड परत ठेवलं. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "चूल बंद असली तर ते भोक बुजवलं तर चालतं का?"

"चालतं. बंद असली तर काही धोका नाही."

तिने झरोक्याकडे बघितलं. वाऱ्याने जमिनीवरची राख हलत होती.

"असू दे उघडंच," ती म्हणाली.

एल्सिराच्या पर्समध्ये दुपारपासून फोन थरथरत होता. आता तिने तो बाहेर काढला. गाडी विद्यापीठाची होती, फाटकावरच्या माणसाने कुठं गेली ते सांगितलं असणार. संचालकांचे न घेतलेले फोन, आणि खाली एक संदेश. तिने तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. सोमवारपासून कार्यालयात येण्याची आवश्यकता नाही, असं त्यात होतं, आणि गास्तोनच्या नेमणुकीचा विचार चौकशीनंतर होईल असंही. बावीस वर्षं ती त्या अरुंद खोलीत बसली होती. तिला वाटलं होतं असं काही झालं तर आपण कोसळू. पण ती इतकी थकली होती की कोसळायलाही अंगात बळ नव्हतं.

"कोण आहे?" ओर्फिलियाने विचारलं.

"आमचे संचालक."

"काय म्हणतात?"

एल्सिराने शेवटची ओळ बघितली.

"आभार मानतात. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल."

गास्तोनने झटकन मान वर केली. ओर्फिलियाने नाकातून हवा सोडली. ते हसू असावं, किंवा नसावं.

"म्हणजे तिकडे झालं तुझं," ती म्हणाली.

"झालं."

थर्मासात तळाला थोडं पाणी राहिलं होतं. ओर्फिलियाने ते तुंब्यात ओतलं आणि तुंबा तिच्यापुढे धरला. येर्बा केव्हाच पांचट झाली होती, पाणी कोमट झालं होतं. दिवसभर पिऊन एल्सिराच्या पोटात जळजळत होतं. आता घरी जायला हवं होतं, आणि उठायचं तर तो एक शब्द म्हणावा लागणार होता.

तिने नळी ओठांत धरली आणि ती खरखरेपर्यंत ओढलं. मग तुंबा परत दिला, काही न बोलता.

ओर्फिलियाने उठून किटली गॅसवर ठेवली.